‘गोष्ट’ : एका शब्दाचा इतिहास

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बार्शीटाकळी हें तालुक्याचें गांव लागतें. तेथें काळंका देवीचें एक जुनें दगडी देवालय आहे. अशा घडणीचीं देवालयें दिसलीं कीं आपल्याकडे त्यांना ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि हें नांव उच्चारलें कीं तीं हेमाडपंतानेंच बांधलीं असें समजण्यास वेळ लागत नाहीं. हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या महादेवराव व रामदेवराव या यादव राजांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि. महादेवराव गादीवर आला इ. स. १२६० च्या सुमारास. बार्शीटाकळीच्या देवालयांतील शिलालेख मात्र शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६-७७ मधला आहे. हेमाद्रीच्या हातीं राज्याची लेखणी येण्यापूर्वीं ऐंशींहून अधिक वर्षें हें देवालय उभें होतें. तेव्हां तें हेमाडपंतानें बांधलें ही गोष्ट खरी नाहीं. ती नुसती गोष्ट आहे.

या शेवटच्या वाक्यांत एकच शब्द दोनदां आला आहे, आणि दोन्ही वेळां त्याचा अर्थ निराळा आहे. पहिल्या ठिकाणीं ‘गोष्ट’ म्हणजे प्रस्तुत बाब, जिच्याविषयीं खरें-खोटें ठरवावयाचें ती. दुसऱ्या ठिकाणीं ‘गोष्ट’ म्हणजे लोकांनीं रचलेली कहाणी. मराठी माणसास या वाक्यांत कोठेंही अडखळल्यासारखें होत नाहीं. परंतु मराठी नव्यानें शिकणाऱ्या परभाषिकास तें वाक्य समजावून सांगूं लागलें म्हणजे आपल्याही ध्यानांत येतें कीं, ज्या शब्दानें आपण वस्तुस्थिति सांगतों त्याच शब्दानें आपण कल्पितही सांगतों. ‘मुख्य गोष्ट अशी आहे कीं’ असें वकील न्यायालयांत म्हणतो, आणि ‘आजी, गोष्ट सांग’ असें नातू अंथरुणांत म्हणतो. इतिहास शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या मनुष्यास हा प्रश्न टाळतां येत नाहीं. सत्य आणि कथा यांस एकच नांव देणारी भाषा भोळी म्हणावयाची, कीं तिला कांहीं निराळेंच सांगावयाचें आहे?

प्रथम या शब्दाचा संसार किती मोठा आहे तें पाहूं. वडील मंडळी मुलास ‘चार गोष्टी’ सांगतात, तेव्हां ती शिकवण असते. शेजारीण दाराशीं बसून ‘सुखदुःखाच्या गोष्टी’ करते, तेव्हां तें केवळ बोलणें असतें. बोलतां बोलतां ‘गोष्टीवरून गोष्ट’ निघते, तेव्हां तो विषय असतो. एखादी ‘गोष्ट फुटते’, तेव्हां तें गुपित असतें. ‘माझी एवढी गोष्ट ऐका’ म्हणतांना ती विनंति असते. ‘लग्नाची गोष्ट’ काढतांना तो प्रस्ताव असतो. आणि बाजारांतून ‘दोन गोष्टी’ आणावयाच्या असतात, तेव्हां त्या चक्क वस्तु असतात. शिकवण, संवाद, विषय, गुपित, विनंति, प्रस्ताव, वस्तु आणि कथा हे आठ अर्थ सहज मोजतां आले. शोधणारास आणखीही सांपडतील. इतकें ओझें एका लहानशा शब्दानें कसें पेललें, याचें उत्तर त्याच्या जन्मस्थानीं मिळतें.

तें जन्मस्थान म्हणजे गाईंचा गोठा. संस्कृतांत ‘गोष्ठ’ म्हणजे गाई जेथें उभ्या राहतात ती जागा. आपला ‘गोठा’ हा शब्द त्याचाच थेट वंशज. संस्कृतांतच या शब्दाचा मूळ अर्थ लवकर झिजूं लागला होता. पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिकें लिहिणाऱ्यांना ‘अविगोष्ठ’ म्हणजे मेंढ्यांचा गोष्ठ, एवढेंच नव्हे तर ‘गोगोष्ठ’ म्हणजे गाईंचा गोष्ठ, अशा रूपांची दखल घ्यावी लागली. ज्या शब्दाच्या आरंभींच गाय उभी आहे त्याला पुन्हां गाय जोडावी लागली, याचा अर्थ लोकांना त्यांतील गाय दिसेनाशी झाली होती. उरली होती ती केवळ एकत्र जमण्याची जागा. त्याच मुळापासून निघालेला ‘गोष्ठी’ हा शब्द माणसांच्या जमावास लागूं लागला. जेथें सायंकाळीं गुरें जमतात तेथें गुराखी आणि धनीही जमणार, आणि चार माणसें जमलीं कीं बोलणें निघणार, हा क्रम कोणत्याही खेड्यांत आजही डोळ्यांनीं पाहण्यासारखा आहे.

या गोष्ठीचीं रूपें अनेक झालीं. वात्स्यायनानें नागरकाच्या करमणुकींत गोष्ठीस मानाचें स्थान दिलें आहे. तेथें ती रसिकांची मंडळी आहे. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत ‘गोठी’ येते. तेथें ती मिळून दान देणाऱ्या धर्मबंधूंची संस्था आहे. अबूच्या पहाडावर तेजपालानें बांधविलेल्या जैन मंदिराच्या विक्रम संवत् १२८७ च्या, म्हणजे इ. स. १२३० च्या लेखांत ‘गोष्ठिक’ येतात; ते मंदिराची व्यवस्था पाहणारे विश्वस्त. राजस्थानांत ‘गोठ’ म्हणजे आप्तमित्रांनीं मिळून केलेलें वनभोजन, गुजराथींत ‘गोठडी’ म्हणजे जिवलगांचें बोलणें, आणि हिंदींत ‘गोष्ठी’ म्हणजे विद्वानांची सभा. म्हणजे भोंवतालच्या भाषांनीं या शब्दांतील मंडळी तरी राखली किंवा मंडळींतील बोलणें तरी राखलें. मराठीनें मंडळी सोडली आणि बोलणें धरलें. मग बोलण्यांतून ज्याविषयीं बोलावयाचें ती बाब धरली, बाबींतून वस्तु धरली, आणि दुसऱ्या वाटेनें बोलण्यांतून कथा धरली.

हा प्रवास चमत्कारिक वाटेल, परंतु तो एकट्या मराठीचा नाहीं. इंग्रजींतील ‘थिंग’ हा शब्द आपण वस्तु या अर्थानें शाळेच्या पहिल्या वर्षींच शिकतों. तो शब्द मूळचा लोकसभेचा आहे. उत्तर युरोपांतील जुन्या जमाती जेथें जमून तंटे तोडीत आणि कायदे ठरवीत त्या सभेस ‘थिंग’ म्हणत. आइसलंडची ‘आल्थिंग’ ही सभा इ. स. ९३० पासूनची मानली जाते, आणि तेथील संसदेचें नांव आजही तेंच आहे; नॉर्वे व डेन्मार्क येथील संसदांच्या नांवांतही हा शब्द जिवंत आहे. सभेंत जें चर्चेस येतें ती बाब, आणि बाब म्हणजे कोणतीही वस्तु, या पायऱ्यांनीं इंग्रजी ‘थिंग’ सभेंतून बाजारांत उतरला. उतरतांना मात्र त्यानें आपला आवाज गमावला. इंग्रजी ‘थिंग’ आज मुका आहे. तो बोलत नाहीं. कथेसाठीं इंग्रजांना ‘टेल’ हा वेगळा शब्द लागतो, आणि त्याचें मूळ मोजदादींत आहे. सन १६११ च्या इंग्रजी बायबलांत मिसर देशांतील बंदिवानांनीं पाडावयाच्या विटांची ठरीव संख्या सांगतांना ‘टेल’ हाच शब्द वापरला आहे, आणि पेढीवर पैसे मोजणाऱ्यास त्याच घराण्यांतलें ‘टेलर’ हें नांव आजही आहे. इंग्रजांनीं मोजतां मोजतां कथा सांगितली असें म्हटलें तर चालेल. आपण एकत्र बसून सांगितली.

मराठींतील पुरावा पाहूं गेलें तर आपणांस बार्शीटाकळीहून फार लांब जावें लागत नाहीं. त्या देवालयाचा शिलालेख संस्कृतांत आहे. त्या काळीं त्या गांवच्या बाजारांत, विहिरीवर आणि शेतांत लोक काय बोलत होते, याविषयीं तो दगड मुका आहे. त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं, त्याच वऱ्हाडांत, आजच्या अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुरास, लोकांचें बोलणें जसेंच्या तसें कागदावर उतरविण्याचें एक विलक्षण कार्य झालें. श्रीचक्रधरांच्या वियोगानंतर त्यांचा शिष्यपरिवार रिद्धपुरीं श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेंत राहिला. तेथें नागदेवाचार्यांच्या अनुमतीनें म्हाइंभटानें स्वामींच्या आठवणी जमविल्या, आणि शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालें. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथराज होय. त्याच रिद्धपुरांत आतां मराठी भाषेचें विद्यापीठ स्थापन झालें आहे, हें उचितच झालें.

लीळाचरित्रांत ‘गोष्टि’ हा शब्द पदोपदीं भेटतो. आजचा वाचक तो पाहतांच मनांत कथा धरतो, आणि येथेंच फसतो. त्या ग्रंथांत गोष्टि म्हणजे प्रथमतः बोलणें. गोसावी भक्तांशीं गोष्टि करतात, भक्त आपसांत गोष्टि करतात, वाटेनें चालतांना, भिक्षेहून आल्यावर, झाडाखालीं बसले असतां गोष्टि चालतात. बोलण्याच्या ओघांत स्वामी एखादें जुनें वृत्त सांगतात, तर तीही गोष्टिच. परंतु महानुभावांजवळ इतर दोन शब्द तयार होते, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. स्वामींच्या आयुष्यांतील प्रत्यक्ष प्रसंगास ते ‘लीळा’ म्हणत. तत्त्व पटविण्याकरितां योजलेल्या कथेस ते ‘दृष्टांत’ म्हणत; केशिराजबासांनीं अशा एकशें चौदा दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला. घडलेलें तें लीळा, योजिलेला तो दृष्टांत, आणि मंडळींत बोललें गेलें ती गोष्टि, असा हा सूक्ष्म विवेक आहे. गोष्टि खरी कीं कल्पित, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटांत नव्हताच. तो शब्द एवढेंच सांगे कीं, हें कोणीं तरी कोणाजवळ तरी बोललें आहे.

मग खऱ्याखोट्याची जबाबदारी कोणाची? म्हाइंभटाची पद्धति पाहिली म्हणजे याचें उत्तर मिळतें. जे प्रसंगीं हजर होते त्यांना तो गांवोगांव जाऊन भेटला. त्यांच्या तोंडून ऐकून त्यानें लिहिलें, आणि नागदेवाचार्यांकडून तें पारखून घेतलें. स्त्रियांची साक्ष त्यानें पुरुषांच्या साक्षीहून हलकी मानली नाहीं. पुढें परचक्राच्या धामधुमींत मूळ पोथी हरवली, असें पंथाची परंपरा सांगते. तेव्हां ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणांतून ती पुन्हां उभी करण्यांत आली. अशा स्मरणकर्त्यांत हीराइसा या स्त्रीचें नांव अग्रभागीं आहे. स्मरणांत भेद पडले तेव्हां त्या लोकांनीं एक पाठ खरा ठरवून इतर पुसून टाकले नाहींत. अमक्याची ‘वासना’ अशी, तमक्याची अशी, म्हणून दोन्ही नोंदवून ठेवल्या. पाठभेद देण्याची ही शिस्त ज्यांना पाश्चात्त्य संशोधनाची देणगी वाटते त्यांनीं या पोथ्या अवश्य पाहाव्या. येथें सत्य हें एकट्या लेखकाच्या पदरीं टाकलेलें नाहीं. तें मंडळीच्या पदरीं आहे. कोण बोललें, कोणाजवळ बोललें, दुसऱ्यानें निराळें सांगितलें काय, हें सर्व राखून ठेवलें आहे. गोष्ठींत जन्मलेल्या शब्दाची ही खरी कसोटी होय.

त्याच सुमाराच्या ज्ञानेश्वरींत हा शब्द ‘गोठी’ या रूपानें येतो. ही ‘ठ’कारी रूपें मरून गेलीं असें समजण्याचें कारण नाहीं. वऱ्हाडाच्या पश्चिमेस खानदेशांत अहिराणी बोलणारी माउली मुलांना ‘गोट’ सांगते. पूर्वेस छत्तीसगढांत ‘गोठ’ म्हणजे बोलणें आणि ‘गोठियाना’ म्हणजे बोलत बसणें. ग्रंथांची मराठी ‘गोष्ट’ म्हणून संस्कृतकडे पुन्हां वळली, पण बोलींनीं गोठ्याची आठवण शब्दांत अशी जागती ठेवली आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांत हा शब्द दरबारीं शिरला. त्या काळच्या पत्रांतून ‘हे गोष्ट’, ‘ये गोष्टीस’, ‘ये गोष्टीचा’ हीं रूपें सर्वत्र आढळतात. तेथें गोष्ट म्हणजे बहुधा राज्यकारभारांतील बाब: जी करावी किंवा करूं नये, मान्य करावी किंवा अव्हेरावी, अशी बाब. सभासदानें इ. स. १६९७ मध्यें जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवछत्रपतींचें चरित्र लिहिलें; त्या बखरीच्या आणि तिच्यामागून आलेल्या बखरींच्या भाषेंत गोष्ट हा मसलतीचा शब्द आहे. मसलत म्हणजे तरी काय? चार जबाबदार माणसांनीं एकत्र बसून बोलणेंच. म्हणजे शब्द राजवाड्यांत गेला तरी त्यानें आपलें कूळ सोडलें नव्हतें. मात्र याच काळांत फारशींतून आलेल्या शब्दांनीं त्याच्या वतनांतील वांटे घेण्यास आरंभ केला. ‘मजकूर’ आला, ‘बाब’ आली, ‘खबर’ आली. आणि ‘खबर’ उलटून ‘बखर’ झाली असें पुष्कळ अभ्यासक मानतात. ‘हकीकत’ आली. अरबी मुळाप्रमाणें हकीकत म्हणजे सत्य. मराठींत मात्र तिचा अर्थ केवळ वृत्तांत एवढाच झाला, आणि ‘खरी हकीकत’ असें म्हणण्याची पाळी आली. वार्तिककारांच्या ‘गोगोष्ठा’ची ही धाकटी बहीण! ज्या शब्दाच्या पोटांतच सत्य आहे त्यालाही आमच्या लोकांनीं पुन्हां खरेपणाचा दाखला मागितला. सांगितलेलें सर्व तपासून घ्यावें लागतें, हें शहाणपण मराठीच्या अंगीं इतकें मुरलेलें आहे.

छापखाना आला आणि शब्दाचें नशीब पालटलें. मराठींतील पहिलीं छापील कथापुस्तकें पाहिलीं तर त्यांच्या नांवांत ‘गोष्ट’ नाहीं. तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयानें इ. स. १८०६ मध्यें इसापाच्या कथांचें भाषांतर छापलें गेलें, तें ‘बालबोधमुक्तावली’ या भारदस्त नांवानें. श्रीरामपुरास १८१४ मध्यें ‘सिंहासनबत्तिशी’ निघाली. मुंबईंत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ मध्यें इसापनीतीच्या ‘कथा’ दिल्या. ‘गोष्ट’ हें घरगुती नांव मुखपृष्ठावर मानानें झळकलें तें कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं १८६१ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केलेल्या ‘अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’च्या रूपानें. हीं भाषांतरें महाराष्ट्राच्या घराघरांत वाचलीं गेलीं. ‘सुरस’ आणि ‘चमत्कारिक’ या दोन विशेषणांनीं गोष्टीचा हात धरला, आणि जी आतांपर्यंत मसलतींत बसत होती ती जिन आणि उडते गालिचे यांच्या संगतींत जाऊन बसली. ‘नुसती गोष्ट’ या शब्दप्रयोगांतील हेटाळणीस या संगतीनें पुष्कळच बळ दिलें असावें, असा माझा तर्क आहे.

तरीही साहित्यांत तिचा मान एकदम गेला नाहीं. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० मध्यें ‘करमणूक’ सुरूं केलें, आणि तींत आपल्या अवतीभवतींच्या संसारावर ज्या लहान कथा लिहिल्या त्यांना ‘स्फुट गोष्टी’ म्हटलें. चमत्काराच्या राज्यांतून त्यांनीं गोष्ट पुन्हां माजघरांत आणली. १८९५ मध्यें निघालेल्या ‘मासिक मनोरंजना’च्या काळांत ‘संपूर्ण गोष्ट’ हें नांव रूढ झालें. त्यानंतर मात्र ‘लघुकथा’ आली, १९४५ च्या पुढें ‘नवकथा’ आली, आणि शेवटीं ‘कथा’ हें एकच नांव उरलें. साहित्यानें गोष्टीस निरोप दिला. शासनानें आणि वृत्तपत्रांनीं ‘बाब’, ‘घटना’, ‘तथ्य’ हे शब्द उचलले. उरली ती मुलांची गोष्ट: चिमणीची, कावळ्याची, राजाच्या दोन राण्यांची. सानेगुरुजींचें १९३५ मध्यें प्रसिद्ध झालेलें ‘श्यामची आई’ हें या विभागणीस सुंदर अपवाद आहे. तेथें आश्रमांतील मित्र रात्रीं जमतात, एकजण आपल्या आईविषयीं सांगतो, आणि बाकीचे ऐकतात. प्रकरणांस नांवही ‘रात्र’ असेंच आहे. तें पुस्तक मुलांचें म्हणून आपण बाजूस ठेवतों. परंतु गोष्ठीचा जो मूळ आकार, तो त्यांत जसाच्या तसा आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. सत्यास आणि कथेस एकच नांव देणारी आपली भाषा भोळी आहे काय? माझ्या मतें नाहीं. तिनें सत्य आणि असत्य यांची गल्लत केलेली नाहीं. तिनें दोहोंच्याही आधींची एक पायरी ओळखून तिला नांव दिलें आहे. माणसांच्या व्यवहारांत कोणतेंही सत्य प्रथम कोणाच्या तरी तोंडून, कोणाच्या तरी समोर, बोलण्याच्या रूपानेंच येतें. तें खरें कीं खोटें, हें मागून ठरतें. आणि तें ठरविण्याचें काम ऐकणाऱ्या मंडळीचें असतें. म्हणून मराठी ‘खरी गोष्ट’ म्हणते आणि ‘खोटी गोष्ट’ही म्हणते, आणि निवाड्याचें विशेषण आपल्या हातीं ठेवते.

हा केवळ शब्दकोशाचा विषय असता तर मीं वाचकांचा एवढा वेळ घेतला नसता. आज आपल्यांत दोन प्रकारचे लोक वाढत आहेत. एकांस जुनी पोथी किंवा गांवची परंपरा दिसली कीं ‘या नुसत्या गोष्टी’ म्हणून तिचा निकाल लावण्याची घाई असते. दुसऱ्यांस जें कानावर पडलें, किंवा हातांतल्या यंत्राच्या पडद्यावर उमटलें, तें सगळें वस्तुस्थिति म्हणून चार ठिकाणीं पोहोंचविण्याची घाई असते. दोघेही एकच चूक करतात. कोण बोललें, कोणाजवळ बोललें, आणि दुसऱ्याची ‘वासना’ काय आहे, हे म्हाइंभटाचे साधे प्रश्न दोघेही विचारीत नाहींत. पहिल्यास साक्षीदाराचें म्हणणें ऐकावयाचें नसतें, दुसऱ्यास त्याची उलटतपासणी नको असते.

हेमाडपंताचीच गोष्ट घ्या. त्यानें मोडी लिपी लंकेहून आणली, गांवोगांव देवळें बांधलीं, असें लोक सांगत आले. बार्शीटाकळीचा दगड म्हणतो, निदान हें देऊळ त्याचें नव्हे. दगडाचें ऐकलें पाहिजे. काळाच्या प्रश्नांत त्याची साक्ष निर्णायक आहे. पण म्हणून लोकांची गोष्ट फेंकून देण्यासारखी होत नाहीं. ती निराळ्या प्रश्नाचें उत्तर देते. यादवांचें राज्य बुडालें, देवगिरीचें नांव बदललें, राजांच्या वंशावळी सामान्य जनांच्या स्मरणांतून गेल्या. आणि तरीही त्या सुबत्तेच्या काळाची आठवण लोकांनीं एका लेखणीच्या अधिकाऱ्याच्या नांवानें शतकानुशतकें जपली, सेनापतीच्या किंवा राजाच्या नांवानें नव्हे. हें दगडावर कोठेंही कोरलेलें नाहीं. तें गोष्टींतूनच कळतें. तारीख दगडास विचारावी, आणि लोकांच्या मनांत काय राहिलें तें गोष्टीस विचारावें. इतिहासकारास दोघांचीही गरज आहे. दोघांना एकमेकांच्या जागीं बसविलें म्हणजेच घोटाळा होतो.

मराठीस २०२४ मध्यें अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनीं केला. अभिजातपणाचा पुरावा म्हणून आपण शिलालेख आणि ग्रंथ पुढें करतों, तें योग्यच आहे. परंतु भाषेचें वय दगडांत दिसतें तसें तिचें शहाणपण तिच्या अगदीं साध्या, रोज तोंडांत घोळणाऱ्या शब्दांत दिसतें. गोठ्यांत जन्मलेला, सभेंत वाढलेला, रिद्धपुरास साक्षीस उभा राहिलेला, मसलतींत बसलेला आणि आतां मुलांच्या अंथरुणाशीं येऊन टेकलेला हा शब्द आपण मुलांपुरताच ठेवूं नये. घरांत कोणी कांहीं सांगूं लागलें तर तें अखेरपर्यंत ऐकून घ्यावें, आणि ऐकून झाल्यावर ‘ही गोष्ट तुला कोणीं सांगितली?’ असें विचारण्याची संवय मुलांना लावावी. सातशें वर्षांपूर्वीं म्हाइंभट हाच प्रश्न विचारीत गांवोगांव फिरला होता.